रेतीचं कॅलेंडर

माय, परवा तुझी पत्र्याची पेटी उघडली. तू गेल्यावर बाबांनी ती माझ्या हवाली केली होती आणि मी ती तीस-पस्तीस वर्षं या घरातून त्या घरात नुसती वाहत राहिले. उघडली कधी नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काहून वं, किल्ली हरपली होती का?" किल्ली कशाची हरपते, पेटीला साधी कडी होती. पण आत तुझं ते रेतीचं कॅलेंडर गुंडाळून ठेवलेलं आहे हे मला माहीत होतं, आणि त्याच्या मागं मी काय चिकटवलं होतं तेही मला माहीत होतं. निदान माहीत आहे असं मी समजत होते. आता निवृत्त झाले, घर बदलायचं म्हणून सामान काढायला बसले, आणि साठी उलटलेल्या बाईनं एका कॅलेंडरला भ्यावं याची माझी मलाच लाज वाटली. कडी काढली. तेव्हापासून मी अशी हलकी होऊन हिंडते आहे की समोरच्या बाईंनी विचारलं, काही चांगली बातमी आहे का म्हणून. आहे. पण ती नीट सांगायची तर पहिल्यापासून सांगावी लागेल, तुला माहीत असलेलंही पुन्हा.

आपल्या घरी कॅलेंडर कसं यायचं ते आठव. जानेवारी लागला की बाबा लकडगंजातून, ते कामाला होते त्या लाकूड चिरायच्या आरा मशीनच्या मालकाकडचं एक घेऊन यायचे, आणि दुसरं किराणावाल्याकडून मिळायचं. दोन्हींवर देव. कधी लक्ष्मी, कधी बाळकृष्ण, कधी शंकर-पार्वती. वर हातभर चित्र, खाली बारा महिन्यांच्या तारखांची चोपडी, आणि दोन्ही टोकांना पत्र्याची पट्टी. धम्मदीक्षा घेतल्यापासून आपल्या भिंतीवर दोनच तसबिरी होत्या, तिसरीला जागा नव्हती. पण तारीख तर हवीच होती. म्हणून तू चटईवर बसायचीस, बिडीची तेंदूपानं कापायची जुनी कातर घ्यायचीस आणि चित्राच्या बरोबर खालून, जराही वाकडं न जाता, कॅलेंडर कापायचीस. तारखा आपल्याला, देव शेजारच्या काकूंना. काकूंच्या घरी हातमाग होता. दारात पाय ठेवला की सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास यायचा. कापलेला देव तू कधी चुरगाळला नाहीस, चुलीत घातला नाहीस, माझ्या पुस्तकाला त्याचं कव्हरही घातलं नाहीस. गुंडाळी करून बिडीच्या दोऱ्यानं बांधायचीस आणि माझ्या हाती द्यायचीस. "आपला नाही म्हणून काय झालं, कोणाचा तं हाये. नीट नेऊन देजो." मग आपल्या खिळ्यावर वर्षभर नुसत्या तारखा. बाबा म्हणायचे, "दुनियेचं साल मुंडक्यासकट येते, आपलं बिनमुंडक्याचं."

तुझी शपथ किती पक्की होती ते मला एकदाच कळलं, पण कायमचं कळलं. मी आठवीत होते. मैत्रिणीच्या घरी गणपतीच्या आरतीला उभी राहिले आणि कपाळभर गुलाल घेऊन घरी आले. तू मारलं नाहीस, ओरडलीही नाहीस. तांब्याभर पाणी पुढं केलंस आणि म्हणालीस, "धू." मी धुतलं. मग तू सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायला बसलीस आणि वर न बघता बोलत राहिलीस. "मी तुले कडेवर घेऊन उभी होती त्या मैदानात. पाय ठेवाले जागा नोहती. बावीस वेळा बोलली मी, सगळ्यायसंगं. तू तीन वर्साची, झोपली होती माह्या खांद्यावर. मी तुह्यासाठीबी बोलली. शपथ म्हंजे का पोलकं हाये का वं, गरमी झाली का काढून ठेवलं?" मला अजून तुझी बोटं दिसतात. पान, जर्दा, दोरा, गाठ. एकही बिडी चुकली नाही आणि एकही शब्द चुकला नाही. त्या दिवसापासून मला देवाची नाही, तुला दुखवायची भीती बसली.

मग ते साल आलं. मी सतरा वर्षांची होते. जानेवारीतली संध्याकाळ, बाबा हसतच घरात शिरले. मशीनचे मालक मूळ वाळवंटाकडचे, राजस्थानातले. त्या वर्षी त्यांना काय हौस आली कोण जाणे, आपल्या मुलखाची आठवण म्हणून कोणा चितारीकडून त्यांनी चित्र काढून घेतलं आणि कॅलेंडरवर तेच छापलं. नुसती वाळू. टेकडीमागं टेकडी, टेकडीमागं टेकडी, एका अंगानं उन्हात केशरी आणि दुसऱ्या अंगानं जांभळी सावली, वर पिवळट आभाळ. उंट नाही, माणूस नाही, झाडाचं नाव नाही. मशीनवरच्या लोकांनी नाकं मुरडली. नव्या सालाचं पहिलं दर्शन आणि ते असं ओसाड! दोघातिघांनी तर घेतलंच नाही म्हणे. बाबांनी मात्र सगळ्यांच्या आधी हात पुढं केला. तू ते दोन्ही हातांनी लांब धरलंस, पुढून पाहिलंस, उलटून मागून पाहिलंस. "याच्यात कोणीच नाही?" "कोणीच नाही," बाबा म्हणाले, "ठेवून दे कातर." तू इतकी हसलीस की खोकला लागला. अख्खं, न कापलेलं कॅलेंडर आपल्या घरात पहिल्यांदा लागत होतं. दारासमोरच्या भिंतीवर, चुलीपासून दूर, धूर लागू नये अशा जागी तू ते टांगलंस आणि चार पावलं मागं येऊन बघत राहिलीस. "ही आमच्या कन्हानची रेती हाये," तू म्हणालीस. तुझं माहेर खापरखेड्याकडचं, नदीकाठचं. लहानपणी उन्हाळ्यात तू त्या रेतीत खरबूज-डांगराच्या वाड्यांवर कामाला जायचीस. मी शहाणपणा केला. "नदी नाही माय, वाळवंट आहे. आमच्या भूगोलात आहे." "तुह्या भूगोलात असंन. माह्या तळपायाले माहीत हाये. असा चटका रेतीचाच बसते."

पण त्या जानेवारीत माझ्या डोक्यात ना नदी होती ना वाळवंट. मागच्या जूनमध्ये मी मॅट्रिकला गणितात नापास झाले होते. बाबा मनानं चांगले होते, तरी त्यांनी सांगून टाकलं होतं, "आखीन एक डाव देऊन पाय. नाही निघाली तं मायच्या बाजूले बस अन् सूप धर. नाइलाज हाये, पोरी." त्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटायची. राग उतरतो, नाइलाज उतरत नाही. मात्र बिडी कारखान्यातली बाई एकदा घरी आली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, हिच्यासाठीबी एक सूप देऊ का, तेव्हा तू पटकन म्हणालीस, "तिचा हात नाही बसत बिडीवर." मी सुट्टीत तुझ्याहून भरभर वळायचे हे त्या बाईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि तुलाही. तुझ्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं.

आणि मग मी तुझ्यापासून लपवायला लागले. किराणावाल्याचं कॅलेंडर त्या साली सरस्वतीचं होतं. तू नेहमीसारखी कातर चालवलीस, तारखा बाजूला काढल्यास, चित्र गुंडाळून बांधलंस आणि मला म्हणालीस, "देऊन ये काकूले." भिंत एकच, पण वळसा घालून जायचं म्हणून आपल्या दारापासून काकूंचं दार वीस पावलांवर. त्या वीस पावलांत मी हिशेब केला. माझ्या वर्गातल्या ज्या ज्या मुली पास झाल्या, त्या सगळ्या पेपरला निघताना हिच्या पाया पडून निघाल्या होत्या. मी एकटीच पाया पडले नव्हते आणि मी नापास झाले. सतराव्या वर्षी मला हे गणित चोख सुटल्यासारखं वाटलं. खरं गणित सुटत नव्हतं ना! गुंडाळी मी ओढणीखाली सरकवली. काकूंनी विचारलं, "काहून वं, औंदा देव नाही आला?" मी म्हटलं, "यंदा रेतीचं आलं काकू." खोटं नव्हतं, अर्धं होतं. वर, वहीचा पुठ्ठा सुटला आहे म्हणून त्यांच्याकडून वाटीभर खळ मागून घेतली. त्या दुपारी तू वळलेला माल द्यायला कारखान्यात गेलीस. मी तुझ्याच कातरीनं सरस्वतीचे काठ कापून ती लहान केली, रेतीचं कॅलेंडर उतरवलं, चार कोपऱ्यांना खळ लावून तिला मागच्या बाजूला चिकटवलं आणि पुन्हा खिळ्यावर टांगलं. पुढं रेती, मागं भिंतीकडं तोंड करून देवी. मग दारात जाऊन गल्लीत पाहिलं. भीती तिच्या रागाची नव्हती, तू लवकर परत येशील ही होती.

त्यानंतर रोज सकाळी मी त्या कॅलेंडरसमोर उभी राहायचे. तारीख बघते आहे असं दाखवायचं आणि हात पोटाशी, वहीच्या आड जोडायचे. अंतर, वेग, व्याज, त्रिकोणाच्या बाजू, जे जे येत नव्हतं ते सगळं मनातल्या मनात तिच्या पाठीला सांगायचे. एकदा तू चुलीपाशी भाकर थापता थापता म्हणालीस, "येवढी काय पाहून राहिली वं? तारीख का पळून राहिली?" मी म्हटलं, परीक्षेला किती दिवस राहिले ते मोजते. "मोज, मोज," तू म्हणालीस, "मोजाचीच तं परीक्षा हाये तुही." आणि पुन्हा परातीकडं वळलीस. पण एक खरं, नमस्कार झाला की मी थेट पुस्तक घेऊन बसायचे. नुसत्या नमस्कारानं भागेल इतका माझा तिच्यावर विश्वास नव्हता. बाबांनी मशीनवरून गुळगुळीत फळी आणून दिली होती, ती मांडीवर ठेवून दिवसाला तीस-तीस उदाहरणं सोडवायचे. चुकली की खोडायची, पुन्हा करायची. तू येता-जाता माझ्या पाठीमागं क्षणभर थांबायचीस. तुला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते, कॅलेंडरवरूनच शिकली होतीस. मागं मात्र मी कधी पाहिलं नाही. चित्र उचलून ती आहे की नाही बघायची माझी हिंमत झाली नाही. कोणी पाहिलं तर, ही एक भीती पुरेशी होती.

जूनमध्ये निकाल लागला. बाबा पेपर घेऊन आले, मी नंबर शोधला, मग तू बोट ठेवून एकेक आकडा वाचलास आणि तोच आहे याची खात्री करून घेतलीस. गणितात शंभरात अठ्ठावन्न मार्क पडले हे नंतर कळलं. बाबा पेढे आणायला बाहेर पडले. तू माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतलेस, उलटेसुलटे करून पाहिलेस, आणि म्हणालीस, "या हातानं पास झाली तू. दुसरं कोणी नोहतं तिथं. ध्यानात ठेवजो." माय, त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटलं, हिला बिचारीला काही माहीत नाही. ज्या भिंतीला पाठ टेकून ही बोलते आहे त्याच भिंतीवर, वीतभर अंतरावर, मी हिच्या बावीस शपथांना भोक पाडून ठेवलं आहे आणि ही माझे हात कुरवाळते आहे. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पेढा खाल्ला.

पुढं मला खरं तर कॅलेंडर उतरवून चित्र काढून टाकता आलं असतं. पण आता ते काढणंही भीतीचं झालं. काढताना तू पाहिलंस तर एक, आणि काढून टाकल्यावर मिळालेलं सगळं निसटलं तर दुसरं. शिक्षिकेचा कोर्स झाला, नोकरी लागली, नेमणूक खापरखेड्याच्या बाजूलाच, तुझ्या नदीजवळ. शनिवारी घरी यायचे तेव्हा ती रेती समोर असायची. साल संपलं तरी तू ते कॅलेंडर उतरवलं नाहीस. दर जानेवारीत नव्या कॅलेंडरचा देव कापायचा आणि नव्या तारखा त्या रेतीखाली टाचायच्या. "मुंडकं एक अन् धडं धा," बाबा हसायचे. दसऱ्याआधी घराला चुना लावायचा असायचा तेव्हा मी आवर्जून सुट्टी काढून यायचे. बाबांना वाटायचं, पोरीला घराची माया. तू बादलीत ब्रश बुडवून दरवर्षी एकच विचारायचीस, "काढतं का मंग ते कॅलेंडर? मागं कशी भिंत हाये पाहू तरी." आणि मी दरवर्षी म्हणायचे, "राहू दे माय, पोपडे निघतील. भोवतालून मारते." मी भोवतालून चुना मारायचे. तू जरा वेळ माझ्याकडं बघायचीस आणि म्हणायचीस, "बरं." त्या 'बरं'चा अर्थ मला परवा लागला.

तंबाखूनं तुझी छाती खाल्ली. शेवटच्या आठवड्यात तू वॉर्डात होतीस आणि मी रजा टाकून शेजारच्या स्टुलावर. एका दुपारी वॉर्डात सामसूम होती. मी मनाचा हिय्या करून म्हटलं, "माय, मला तुला एक सांगायचं होतं." तू डोळे उघडलेस. "सांगजो. आधी डब्बा खा, सकाळपासून उपाशी हाये तू." मग थोड्या वेळानं, माझं जेवण चालू असताना, तू आपणहून विचारलंस, "कॅलेंडर काढलं का तू?" मला वाटलं, तापात बरळते आहेस. मी म्हटलं, "काढते, घरी गेल्यावर काढते." तू हसलीस. मी डबा धुवायला उठले आणि बोलायचं ते राहूनच गेलं. चौथ्या दिवशी तू गेलीस. मी शाळेचे कागद घ्यायला गेले होते, त्या वेळात बाबांनी घर आवरलं. कॅलेंडर उतरवून, गुंडाळून, तुझ्या लुगड्यांखाली पेटीत घातलं. "हे तुह्या मायचं लाडकं. तू ने." त्यांनी उलटून पाहिलं की नाही, मी विचारलं नाही.

पुढची गोष्ट तुला माहीत नाही, ती सांगते. मी आयुष्यभर गणित शिकवलं. हो, गणितच. शाळेत कोणी कौतुक केलं, कोणाचा मुलगा येऊन पाया पडला, की आत कुठंतरी टोचायचं: तुझं गणित चोरीचं आहे बाई. मुलं परीक्षेला जाताना कपाळाला काही लावून यायची, अंगारा, कुंकू, कोणी खिशात काही ठेवून यायचं. मी एकालाही कधी बोलले नाही. कोणत्या तोंडानं बोलणार? विहारात प्रार्थनेला उभी राहिले की माझा आवाज आपोआप लहान व्हायचा. तू माझ्यासाठी शपथ घेतलीस, मी झोपेत होते. आणि जागी झाल्यावर मोडली. आणि तुला हे न कळताच तू गेलीस, हे सगळ्यात वाईट.

तर परवा मी ती गुंडाळी उलगडली. कागद कडांना तपकिरी झाला आहे, टेकड्यांची जांभळी सावली उडाली आहे, केशरी मात्र तसंच. दोन मिनिटं मी पुढची बाजूच बघत बसले. मग उलटली. मागं काही नव्हतं. चार कोपऱ्यांना खळीचे चार पिवळे डाग, बस्स. माझ्या मनात पहिलं आलं ते झुरळं. झुरळांना खळ आवडते, खाऊन टाकली असेल देवी. पण झुरळं चित्राचा एक तुकडाही न ठेवता खातात का? आणि मग मला वरचा डावा कोपरा दिसला. तिथं चिकटलेलं चित्र ओढून काढताना कॅलेंडरचा कागद सोलून निघाला होता, आणि तेवढ्याच जागी मागून बिडीबंडलाच्या कागदाची पट्टी लावलेली होती. काठ कसे सरळ कापलेले. एक रेघ वाकडी नाही. ती कातर मी कुठंही ओळखली असती.

मी रिक्षा केली आणि तडक जुन्या वस्तीत काकूंकडं गेले. माग केव्हाच बंद झाले, पण काकू आहेत. ऐंशीच्या घरात, ऐकू कमी येतं, बाकी खणखणीत. मी कॅलेंडर उलटं करून त्यांच्यापुढं धरलं. त्या डाग बघून हसायला लागल्या. "आत्ता पाह्यलं का वं तू? अवो बाई, आत्ता?" मग त्यांनी सांगितलं. "तू लावल्याच्या तिसऱ्या दिवशी आणून देल्लं तुह्या मायनं. पदराखाली. म्हणे, हे घ्या जी तुमचं, पोरीच्या हातून वाटेत राहून गेलं होतं. खळीचा वास का तिले येत नोहता? दोन घरायच्या मधात भिंत एकच होती." मी विचारलं, मग मला बोलली का नाही? "मी बी तेच म्हटलं. म्हटलं, पोट्टीले दोन देल्ल्या का नाही? तं म्हणे, नाही. परीक्षा होईस्तोवर तिले सांगू नोका. तिले वाटते मागं कोणीतरी हाये, तं वाटू द्या. पेपर तं तीच लिहीन. मंग समजंन तिले का कोणीच नोहतं, तिची तीच होती." आणि नंतर? काकूंनी कॅलेंडर माझ्याकडं सरकवलं. "नंतर मीच इचारलं, सांगतलं का? तं म्हणे, आता कसं सांगू जी, पोरीले वाटंन माय चोरावानी तिच्या मागं मागं पाहत होती. तिनं लावलं, तिनंच काढलं पाह्यजे. एखाद दिवशी काढंन, उलटं करून पाहीन, मंग आमी दोघी मिळून हासू."

माय, मी काकूंच्या ओट्यावर बसून रडले आणि हसले, दोन्ही एकदम. काकूंनी पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न मार्क माझे! दोन महिने मी रोज सकाळी एका रिकाम्या कागदाला भूमितीची गाऱ्हाणी सांगत होते आणि तू भाकरी थापत ऐकत होतीस. तुझी शपथ मोडली असेल तर दोन दिवस मोडली, तिसऱ्या दिवशी तू ती सांधलीस, वर बिडीच्या कागदाची पट्टीही लावलीस. एवढी मोकळी मी कधी झाले नव्हते, माझ्या लग्नात नाही, मुलाच्या जन्मावेळी नाही. थोडा रागही आला, लपवत नाही. अकरा वर्षं, माय! अकरा दसरे तू मला ब्रश हातात धरून विचारलंस आणि मी अकरा दसरे भोवतालून चुना मारला. वॉर्डातसुद्धा विचारलंस. आपण दोघी मिळून हसायचं ते राहिलं, एवढंच मनाला लागतं. पण तुला काही न कळताच तू गेलीस हे खोटं निघालं, आणि त्या एका गोष्टीसाठी मी बाकीचं सगळं सोडून द्यायला तयार आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही हे तर उघड आहे. काकूंना वाचून दाखवावं असं मनात होतं, त्यांना आवडलं असतं. पण दाखवणार नाही. पुढचं जे लिहिते आहे ते फक्त तुझ्यासाठी आहे.

मागं मी कधी पाहिलं नाही, असं वर लिहिलं. ते पुरतं खरं नाही. मागं कोणीतरी आहे असं मानलं की पास झाल्याचं ओझं त्या कोणाचं तरी, आणि उद्या कुठं हरले तर तेही त्याचंच. म्हणून मी ते इतकी वर्षं मानत राहिले, चोरीची टोचणी सोसूनसुद्धा. गणिताच्या पेपरची सकाळ होती. उन्हाळा तापायला लागला होता, दार सताड उघडं होतं, तू माझ्याकडं पाठ करून डब्यात भाकर घालत होतीस. मी हात जोडले आणि तेवढ्यात दारातून वारा आला. पत्र्याची पट्टी भिंतीवर खडखडली, रेती एकदम वर उचलली गेली आणि क्षणभर मागची बाजू दिसली. कोरी होती, माय. पांढरी. मग वारा पडला, कॅलेंडर खाली आलं आणि पाहिलंच नाही असं मी ठरवून टाकलं. तू विचारलंस, "निघाली का वं?" मी "हो" म्हटलं, जोडलेले हात सोडले, कंपास उचलली आणि पेपरला गेले.